लाल चकत्यांचे दिवस

मी संशयी आहे, असं माझा नवरा म्हणतो. मी म्हणते, मी नीट बघते. दातांच्या लॅबमध्ये बावीस वर्षं तपासनीस म्हणून काढल्यावर माणूस आपोआप नीट बघायला शिकतो. डबीतली कॅप, म्हणजे झिजलेल्या दातावर बसवायची ती टोपी, शेजारच्या दाताशी रंगात केसभर जरी जुळत नसली, तरी डबी उघडताक्षणी मला कळतं. पांढऱ्यातले सोळा नमुने आमच्याकडे आहेत आणि त्यातल्या शेजारशेजारच्या दोहोंमधला फरक बाहेरच्या माणसाला बोट ठेवून दाखवला तरी दिसत नाही. मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितला असता.

आमची लॅब म्हणजे एक लांबलचक खोली. एका बाजूला चार मोठ्या खिडक्या, खिडक्यांखाली सात टेबलं, टेबलांवर सात माणसं. डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे येतात, पहिल्या टेबलावर मेणात दाताचा आकार घडतो, मग धातू ओतला जातो, त्यावर चिनीमातीची पावडर ब्रशने चढते, भट्टीत भाजली जाते, रंग लागतो, आणि सगळ्यात शेवटी माझं, आठवं टेबल. जमलं असेल तर डबीवर माझा शिक्का, नसेल तर माझ्या वहीत नोंद आणि डबी परत. माझ्या शिक्क्याशिवाय त्या खोलीतून एक दात बाहेर जात नव्हता.

थंडी सुरू झाली की दर वर्षी सगळं बिनसायचं. दिवस आखूड, सकाळी दिवे लावून कामाला बसायचं आणि पाच वाजता पुन्हा दिवे. त्या चार महिन्यांत माणसं मरगळायची. माझ्या वहीतल्या नोंदी दुप्पट व्हायच्या, कामं दोन-दोन दिवस उशिरा निघायची, डॉक्टर फोनवर खेकसायचे. उन्हं परतली की गाडी रुळावर. हे मी पाच-सहा वर्षं बघत होते आणि दर थंडीत हात धुऊन टेबलांवरच्या माणसांच्या मागे लागत होते.

या वर्षी त्यात मालकांच्या जावयाची भर पडली. आमचे मालक आता थकले आहेत, त्यामुळे जावईबापू कारभारात लक्ष घालू लागले. ते कुठलासा आठवड्याचा कोर्स करून आले होते आणि ऋतू बदलला की माणसाची ऊर्जा बदलते, हे त्यांना तिथे कळलं होतं. मला ते फुकटात कळलं होतं, पण मी गप्प बसले. मग डोळ्यांना गार वाटणारे पांढरे दिवे आले, जेवणानंतर दहा मिनिटं अंगणात फिरायचा हुकूम आला, आणि चकत्या आल्या.

चकत्या लाकडी होत्या, प्रत्येकाला तीन. सकाळी आल्यावर आपल्या टेबलाच्या खिळ्याला आपापल्या ऊर्जेप्रमाणे एक अडकवायची. उत्साह असेल तर हिरवी, बरं असेल तर पिवळी, अगदीच गळून गेल्यासारखं वाटत असेल तर लाल. मी रोज त्या मोजून तक्त्यावर भरायच्या, आणि महिन्याअखेरी जावईबापू त्या तक्त्यावरून एक वरखाली धावणारी रेघ काढून भिंतीला डकवायचे. माझी चकती कुठे आहे, असं मी विचारलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले की टीमच्या प्रमुखाची ऊर्जा गृहीत धरलेली असते. मला ते पटलं. मी बावीस वर्षांत एकदाही आजारपणाची रजा घेतलेली नाही.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की सातही जणांच्या चकत्या एकाच रंगाच्या असतात. आज सात हिरव्या, उद्या सात लाल, परवा सात पिवळ्या. आता सात माणसं, सात घरं, कुणाचं मूल रात्री रडलेलं, कुणाचं पोट बिघडलेलं, कुणाच्या घरी पाहुणे. सगळ्यांची ऊर्जा रोज एकदम चढते आणि एकदम उतरते, हे कसं? मी ठरवलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

मग मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले. सकाळी मी आत शिरले की बोलणं थांबायचं. मी कोट काढून खुंटीला लावेपर्यंत सगळे माना वळवून माझ्याकडे एकदा बघायचे आणि साळसूदपणे कामाला लागायचे. चकत्या मात्र तोवर एकाच्याही टेबलाला नसायच्या. मी माझ्या खुर्चीत बसले की पहिली चकती लागायची ती मेणकाकांच्या टेबलाला. हे आमच्यातले सगळ्यात जुने, मेणात दात घडवणारे, साठीला टेकलेले, बोलायला गोड आणि आतून पक्के. त्यांची लागली की उरलेल्या सहा पटापट लागायच्या. ‘बाई, आज चहा घेऊन आलात ना घरून?’ असं काहीतरी ते मला रोज विचारायचे आणि माझ्या उत्तराकडे गरजेपेक्षा जास्त लक्ष द्यायचे.

मी म्हटलं, हे संगनमत आहे. जावईबापूंची टिंगल चालली असेल तर एक वेळ ठीक आहे, त्यात मीही मनातून सामील आहे. पण मला वगळून? तेव्हा नक्की माझ्याविरुद्ध काहीतरी शिजत असणार. मालकांकडे तक्रार जाणार असेल, नाहीतर माझी जागा कुणाला तरी हवी असेल. मी तपासणीची वही कुलपात ठेवायला लागले. अंगणात फिरायला जाताना मुद्दाम मागे रेंगाळायचे, पण मी जवळ आले की ते हवापाण्यावर बोलायला लागत.

त्यात जावईबापूंनी एक दिवस मला वर त्यांच्या खोलीत बोलावलं. भिंतीवरची रेघ दाखवून ते म्हणाले की प्रत्येक टीममध्ये एक गळका नळ असतो. उन्हाळ्यात तो कळत नाही, थंडीत कळतो, कारण तो स्वतःबरोबर बाकीच्यांचीही ऊर्जा घालवतो. तो नळ शोधून काढला की बाकीचे आपोआप सुधारतात. त्यांना शुक्रवारपर्यंत माझ्याकडून एक नाव हवं होतं. नाव दिलं की त्या माणसाला महिनाअखेरीस निरोप. वही आहे, तक्ता आहे, तुमच्याइतकं नीट कोण सांगणार, असंही वर म्हणाले.

वही उघडायचीसुद्धा गरज नव्हती. त्या थंडीतल्या चाळीस नोंदींपैकी एकोणीस मौनीच्या होत्या. मौनी म्हणजे आमची रंग लावणारी. पाच वर्षांपूर्वी आली तेव्हापासून दिवसाला दहा वाक्यं बोलत असेल, म्हणून ते नाव पडलं. घरी दोन मुली आणि सासू, कमावती ती एकटी. रंगाचं काम सगळ्यात शेवटचं, त्यामुळे सगळ्यांच्या चुका तिच्या अंगावर येतात, हे मलाही कळत होतं. पण एकोणीस म्हणजे फारच झालं. शिवाय ती खाली मान घालून ऐकून घ्यायची, कधी उलट बोलायची नाही, आणि मला अशा माणसांचा जास्त संशय येतो.

तरी मी घाईने नाव देणारी नाही. मला पुरावा हवा होता. माझा संशय असा होता की मी परत पाठवलेल्या कॅप्स ती नव्याने करतच नसावी. कुठून तरी वरवर घासून, पुसून, काहीतरी हातचलाखी करून पुन्हा आणत असावी. मंगळवारी धुकं होतं, टेबलांवर सात लाल चकत्या होत्या, आणि मौनीने वरच्या पुढच्या दाताची एक कॅप आणली. मी डबी उघडली. राखाडी. मेलेल्या दातासारखी राखाडी. मी वहीत नोंद केली, पण डबी परत देण्याआधी तिची पाठ वळल्यावर कॅप उलटी केली आणि आतल्या धातूवर सुईच्या टोकाने एक बारीक फुली ओढली. बाहेरून ती दिसण्याचा प्रश्नच नव्हता. मौनीने डबी घेतली, मान हलवली आणि गेली.

बुधवारीही लालच. गुरुवारी मात्र ऊन पडलं. मी चालतच लॅबला आले, बऱ्याच दिवसांनी पाय हलके वाटत होते. मी खुर्चीत बसले, मेणकाकांनी हिरवी लावली, पाठोपाठ सहा हिरव्या. अकराच्या सुमाराला मौनी डबी घेऊन आली. नवी डबी, नवी चिठ्ठी, डॉक्टर तोच, दात तोच. मी कॅप चिमट्यात धरून खिडकीकडे नेली. सुरेख काम होतं. कडेला किंचित पारदर्शक, मुळाशी उबदार पिवळट झाक, ओळीतल्या बाकीच्या दातांमध्ये ठेवली तर शोधून सापडली नसती. मी शिक्का मारला आणि तिला म्हटलं, मनात आणलंस की येतं ना नीट? तिने मान हलवली.

ती गेल्यावर मी कॅप उलटी केली. फुली होती.

पहिल्यांदा मला आनंद झाला, हे कबूल करते. पकडली. चोरी उघडी पडली. जेवणाच्या सुट्टीची मी वाट बघितली, कारण मला सगळ्यांसमोर बोलायचं होतं. सगळे डबे उघडून बसले तेव्हा मी मधोमध जाऊन उभी राहिले, कॅप तळहातावर ठेवली आणि सांगितलं की मंगळवारी परत केलेली हीच ती, आत माझी खूण आहे, वरवर हातचलाखी केलेली आहे, आणि ही नवी म्हणून माझ्यापुढे आणली गेली. किती दिवसांपासून ही फसवणूक चालू आहे, ते मला आत्ताच्या आत्ता कळायला हवं.

भट्टीवाल्याने मेणकाकांकडे बघितलं. मेणकाकांनी घास गिळला, डबा बंद केला आणि हात पुसले.

“बाई,” ते म्हणाले, “मंगळवारपासून हिला कुणी बोट लावलेलं नाही. पण तुम्ही आज पास केलीत ना?”

मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध. आणि म्हणता म्हणता मला संबंध कळला. मी कॅप पुन्हा खिडकीकडे नेली. तीच कॅप होती. मंगळवारी ती मेलेल्या दातासारखी होती आणि आज सुरेख होती, आणि मधल्या दोन दिवसांत ती फक्त डबीत पडून होती.

मेणकाका सांगत गेले तसतशी माझी पावलं मागे मागे खुर्चीकडे गेली. थंडीच्या दिवसांत मला सगळं राखाडी दिसतं. रोज नाही, काही दिवस. त्या दिवशी मी चांगली कामंही परत पाठवते. सुरुवातीला बिचारे खरोखर पुन्हा करायचे, ती मी पुन्हा परत करायचे, तिसऱ्यांदाही करायचे. मग एकदा कुणाला तरी वेळच मिळाला नाही, त्याने जुनीच कॅप दोन दिवसांनी तशीच दिली, आणि मी कौतुक करून पास केली. तेव्हापासून ही पद्धत पडली. परत आलेला माल भट्टीमागच्या खणात ठेवायचा आणि माझा चांगला दिवस उजाडला की बाहेर काढायचा. लोणच्यासारखा मुरवत ठेवायचा, असं ते आपसात म्हणत. डॉक्टरांची कामं थंडीत दोन दिवस उशिरा जायची ती म्हणूनच. त्यातली एकही कॅप आजवर डॉक्टरकडून रंगासाठी परत आलेली नव्हती, आणि परत आलेला माल माझ्याच टेबलावरून गेला असता, तेव्हा हे मला मानावंच लागलं.

आणि चकत्या? मेणकाकांनी जरा ओशाळं होऊन सांगितलं की त्या माझ्याच होत्या. मी आत आले की ते माझा चेहरा बघत, दोन शब्द बोलून आवाजाचा अंदाज घेत आणि चकती लावत. लाल म्हणजे आज बाईंसमोर नाजूक काम नेऊ नका. हिरवी म्हणजे खण रिकामा करा. याआधी ते कानावर पेन्सिल ठेवून खुणा करायचे, पण लांबच्या टेबलांना ती नीट दिसायची नाही. जावईबापूंनी चांगली सोय केली, असं कुणीतरी मागून म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. मीही सवयीने हसायला गेले, पण तोंडातून भलताच आवाज आला.

मला कुणीच सांगितलं का नाही, असं मी विचारलं. माझ्या स्वतःच्या कानांना तो आवाज भांडकुदळ वाटला.

“एकाने सांगितलं होतं,” मेणकाका म्हणाले. “मौनीच्या आधीचा रंगवाला. आठवतो? थंडीतच बोलला होता तुमच्याशी. आठवड्याभरात तुम्ही त्याला घालवलात.”

मला तो आठवत होता. उद्धट माणूस म्हणून आठवत होता. तो नेमकं काय म्हणाला होता ते मात्र काही केल्या आठवेना, आणि त्याचीच मला भीती वाटली.

मी त्यांना शुक्रवारच्या नावाबद्दल सांगितलं. ते त्यांना माहीत नव्हतं. मौनीच्या एकोणीस नोंदी आहेत, हे कळल्यावर भट्टीवाल्याचा घास हातातच राहिला. मौनीने हातातला चमचा डब्यात ठेवला. इतके दिवस त्या नोंदी म्हणजे बाईंच्या वहीतली पावसाळी शेवाळ, उन्हात वाळून जाणारं, असंच ते समजत होते. आता त्यावरून एका माणसाचं घर उघड्यावर पडणार होतं. मेणकाका पुढे होऊन समजुतीच्या सुरात म्हणाले की नोंदींत थोडं इकडचं तिकडे करा, सगळ्यांच्या नावावर सारखं वाटून टाका, आम्ही कुणी काही बोलणार नाही. उन्हं परतेपर्यंत महिना-दीड महिनाच उरलाय. तुमच्यासारखी नजर उरलेल्या आठ महिन्यांत दुसऱ्या कुणाची नाही, आम्ही आहोत की सांभाळायला.

सांभाळायला! मी या सात जणांना सहा हिवाळे ओढत नेलं असं मी समजत होते. सकाळी चार शब्द प्रोत्साहनाचे, दुपारी दोन रागाचे, कुणाला टेबल बदलून दे, कुणाला लवकर सोड. माझ्यामुळे ही लॅब थंडीत उभी राहते, असं मी नवऱ्याला दर वर्षी ऐकवत होते. आणि हे लोक मला आजारी म्हाताऱ्यासारखं तोंड बघून औषध पाजत होते. मला राग आला, लाज वाटली, पुन्हा राग आला. त्यातही एक किडा डोक्यात वळवळत होताच की हे माझ्यावरच्या प्रेमापोटी करतात, की आपली नवी तपासनीस कशी निघेल या धाकाने?

मौनी तेवढ्यात उठली. माझ्याजवळ येऊन तिने माझ्या तळहातावरची कॅप उचलली आणि डबीत नीट ठेवली.

“बाई, मला दुसरीकडे काम मिळेल,” ती म्हणाली. “पण माझं काम वाईट होतं म्हणून नका घालवू.”

पाच वर्षांत ती माझ्याशी एवढं सलग कधी बोलली नव्हती.

संध्याकाळी घरी नवरा दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होता. मी त्याला सरळच विचारलं, थंडीत मी कशी असते? त्याने एका टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग म्हणाला की तशी काही विशेष नाही, फक्त महत्त्वाचं काही विचारायचं असेल तर आम्ही उन्हं यायची वाट बघतो. आम्ही म्हणजे कोण? तर तो, आमची मुलगी आणि माझी धाकटी बहीण. बहीण भाड्याचं घर सोडून आमच्या वरच्या मजल्यावर राहायला येऊ का, हे विचारायला महिनाभर थांबली होती. नवऱ्यानेच तिला सांगितलं होतं, आत्ता नको, आत्ता ती नाहीच म्हणेल. मी म्हटलं, अरे, मला विचारून तर बघायचं. तो म्हणाला, एका वर्षी विचारलं होतं. मग त्याने पुढचा टॉवेल उचलला, आणि मीही ते कुठलं वर्ष म्हणून विचारलं नाही.

शुक्रवारी पुन्हा धुकं होतं. रस्ता संपतच नव्हता, अंगातून कुणीतरी दोरा ओढून काढल्यासारखं वाटत होतं. खोलीत शिरले तर सगळे मान खाली घालून बसलेले. चकत्या एकाही टेबलाला नव्हत्या, कुणी हात लावायलाच धजत नव्हतं. मला अजूनही आशा होती, खोटं कशाला बोलू. रात्रभर मी स्वतःला समजावलं होतं की कदाचित मंगळवारी दिव्याचा दोष असेल, कदाचित हे सातही जण मिळून मला बनवत असतील. कालची डबी अजून गेली नव्हती. मी खिडकीशी गेले, ती उघडली आणि कॅप चिमट्यात धरली.

राखाडी. डबीवर माझाच शिक्का, कॅपच्या आत माझीच फुली, आणि कॅप राखाडी. माझा हात आपोआप वहीकडे गेला होता. तो मी ओढून घेतला.

मी वर गेले. नशिबाने मालकही आले होते, जावईबापूंच्या शेजारी खुर्चीत शाल पांघरून बसले होते. मी वही टेबलावर ठेवली आणि म्हटलं की हिच्यातल्या थंडीच्या नोंदी कुणी धरू नयेत, त्या खोट्या आहेत. मौनीचं काम चांगलं आहे. सगळ्यांचंच आहे. गळका नळ सापडला आहे, आणि तो मी आहे. मग मी फुलीची गोष्ट सांगितली. सांगताना मी एकदाही रडले नाही, फक्त मध्ये एकदा मालकांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

जावईबापूंना पहिल्यांदा नीट कळलंच नाही. ते भिंतीकडे वळले. तिथे त्यांची रेघ होती, चार फूट लांब, खाली “टीमची ऊर्जा” असं ठळक लिहिलेलं.

“मग हा आलेख कुणाचा आहे?” त्यांनी विचारलं.

“माझा,” मी म्हटलं. “एकटीचा. आणि बरोबर आहे तो. मला स्वतःला कळलं नव्हतं इतका बरोबर.”

मालकांना हसू आलं, पण ते त्यांनी शालीत लपवलं. जावईबापू मात्र हसले नाहीत. त्यांना नाव हवं होतं आणि नाव मिळालं होतं. त्यांनी स्पष्टच विचारलं की मग महिनाअखेरीला तुम्ही जाणार का? त्यांच्या जागी मीही हेच विचारलं असतं. मी म्हटलं, ठेवायचं असेल तर ठेवा, पण शिक्का माझ्या हातात थंडीत ठेवू नका. मालकांनी वही ओढून दोन पानं चाळली. बावीस वर्षांपूर्वी त्यांनीच माझ्यापुढे सोळा नमुने उलटेसुलटे टाकून मला परीक्षेला बसवलं होतं आणि मी ते अर्ध्या मिनिटात क्रमाने लावले होते. शेवटी ते म्हणाले की तपासणी आता मौनीकडे द्या. थंडीपुरती नाही, कायमची, दर चार महिन्यांनी शिक्का फिरवायला ही काही संगीतखुर्ची नाही. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्हाला ब्रश धरता येतो ना अजून? मी मान हलवली. तपासनीस होण्याआधी मी रंगच लावायचे.

सोमवारपासून मी मौनीच्या जुन्या टेबलावर बसते. बाकीच्या सहा जणांनी काही विशेष दाखवलं नाही. भट्टीवाल्याने माझ्यासाठी खुर्ची उंच करून दिली, एवढंच. मेणकाकांनी सकाळी चहाबद्दल विचारलं, आणि मी त्यांच्याकडे रोखून बघितलं तेव्हा त्यांनी चटकन दुसरीकडे नजर वळवली.

बुधवारी मी माझी पहिली कॅप घेऊन तपासणीच्या टेबलाशी गेले. खालची दाढ, अगदी साधी. तरी मी तिच्यावर दीड दिवस घातला होता. बाहेर स्वच्छ ऊन होतं, मला बरं वाटत होतं, आणि काम मनासारखं उतरलं होतं. मौनीने डबी उघडली, कॅप चिमट्यात धरून खिडकीकडे नेली, फिरवून बघितली, पुन्हा फिरवली. मी उभीच होते. त्या टेबलाच्या या बाजूला मी बावीस वर्षांत कधी उभी राहिले नव्हते.

“परत, बाई,” ती हळूच म्हणाली आणि वहीत नोंद केली.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. तिथे कधीच काही नसतं. एकोणीस नोंदींचं उट्टं काढत असेल का? की तिचाही आज लाल दिवस असेल? की कॅप खरोखरच चुकली असेल? मी ती घेऊन खिडकीशी गेले, उन्हात धरली, शेजारच्या दातांच्या साच्यावर ठेवून बघितली. माझ्या नजरेला ती तंतोतंत जुळत होती.

मग मी टेबलावर बसले, भांड्यात रंगाची पावडर काढली, पाण्याचे दोन थेंब टाकले आणि ती दाढ पहिल्यापासून रंगवायला घेतली.